मिरकरवाडा बंदराची व्यवहारभाषा आणि यंत्र-सहायकास द्यावयाचा निदेश

१. विषयाची मर्यादा

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संगणकीय सहायकाकडून एखादे काम करून घ्यावयाचे असता त्यास जे लिखित निवेदन द्यावे लागते, त्यास इंग्रजीत आणि अलीकडे मराठीतही 'प्रॉम्प्ट' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'निदेश' ही संज्ञा योजिली आहे. 'आज्ञा' हा शब्द येथे अपुरा पडतो. कारण अशा निवेदनात आज्ञेबरोबरच माहिती, हेतू, नमुना आणि निषेध यांचाही अंतर्भाव होतो. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. तेव्हापासून अर्ज, सूचनापत्रे, इतिवृत्ते, तक्ते, भाषांतरे अशी नित्याची कार्यालयीन कामे या सहायकांकडे सोपविण्याची प्रथा वेगाने वाढली आहे. तिच्याबरोबर निदेशलेखनाची 'सूत्रे' सांगणारे साहित्यही विपुल निर्माण झाले. त्यातील बरेचसे ठराविक शब्दयोजनांची यादी देऊन थांबते. अमुक शब्द घातले असता उत्तर का सुधारते, याचा विचार त्यात क्वचितच आढळतो. वस्तुतः हा प्रश्न भाषाशास्त्राचा आहे. एका श्रोत्यास पूर्ण वाटणारे वाक्य दुसऱ्या श्रोत्यास अपूर्ण का ठरते, हे त्याचे मूळ रूप होय.

हा प्रश्न एखाद्या जिवंत व्यवहारभाषेवर तपासून पाहणे अधिक फलदायी ठरते. त्या दृष्टीने रत्नागिरी शहरालगतचे मिरकरवाडा हे स्थळ विशेष सोयीचे आहे. राज्यातील मोठ्या मासेमारी बंदरांत त्याची गणना होते. ट्रॉलर, पर्ससीन आणि गिलनेट अशा निरनिराळ्या पद्धतींच्या नौका येथे येतात. जेटीवर मासळीचा लिलाव तोंडी चालतो. परंतु त्याच्या पाठीमागे नौकेचा परवाना, डिझेलचा हिशेब, सहकारी संस्थेच्या सूचना, हवामानाचे इशारे आणि मासेमारीबंदीचे आदेश असा मोठा लेखी व्यवहार असतो. तोंडी भाषा अत्यंत संक्षिप्त आणि लेखी भाषा अत्यंत काटेकोर, अशा दोन टोकांमध्ये या बंदराचे काम चालते. यंत्र-सहायकास निदेश देणारा मनुष्य नेमका या दोन टोकांच्या मध्ये उभा असतो. पुढे दिलेली कामाची उदाहरणे विवेचनासाठी रचलेली आहेत. त्यांतील शब्द मात्र व्यवहारातील आहेत.

२. यंत्र-सहायकाचे कार्य

या सहायकांच्या मुळाशी विशाल भाषा-प्रतिमान असते. प्रचंड लिखित मजकुरावर संस्कार करून ते सिद्ध केलेले असते. समोर आलेल्या मजकुराचे लहान लहान तुकडे पाडून, त्या तुकड्यांच्या परस्परसंबंधांवरून पुढे कोणता तुकडा येणे संभाव्य आहे याचा अंदाज ते बांधते आणि एकेक तुकडा जोडीत उत्तर रचते. २०१७ साली मांडल्या गेलेल्या 'ट्रान्सफॉर्मर' नामक रचनेमुळे दूरदूरच्या शब्दांतील संबंधही या हिशेबात घेता येऊ लागले. पुढे मानवी पसंतीनुसार या प्रतिमानांना वळण लावण्यात आले आणि ती प्रश्नोत्तररूपाने काम करू लागली.

या रचनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, सहायकास उपलब्ध असलेला प्रसंग म्हणजे केवळ त्याच्या समोर आलेला मजकूर. जेटी, भरती-ओहोटी, समोर उभा असलेला तांडेल, कालचे भांडण यांपैकी काहीही त्यास दिसत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अपुरे वाक्य ऐकून मनुष्य थबकतो आणि 'काय?' असे विचारतो. प्रतिमानाची स्वाभाविक प्रवृत्ती मात्र वाक्य पुढे नेण्याची असते. जी माहिती दिली नाही तिच्या जागी सर्वसामान्यतः जे संभाव्य, ते भरून ते मोकळे होते. हल्लीचे सहायक कधी कधी उलट प्रश्न विचारतात हे खरे. परंतु तसे ते विचारतीलच असा भरवसा धरता येत नाही. भरलेला मजकूर शुद्ध, आत्मविश्वासपूर्ण आणि वाचनीय असल्यामुळे त्यातील पोकळी वाचकाच्या ध्यानी येत नाही.

३. बंदरावरील संक्षेप

ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली, ऑग्डेन व रिचर्ड्स यांच्या अर्थविषयक ग्रंथास जोडलेल्या निबंधात, 'प्रसंग-संदर्भ' ही कल्पना मांडली. ट्रोब्रियंड बेटांवरील कोळी मासे पकडताना जी तुटक वाक्ये बोलतात, त्यांचा अर्थ शब्दकोशावरून लागत नाही. होड्यांची हालचाल, जाळ्याची स्थिती आणि माणसांचे परस्परसंबंध डोळ्यांसमोर असतील तरच तो लागतो, असे त्याचे प्रतिपादन होते. अशा प्रसंगी भाषा ही विचार कळविण्याचे साधन नसून प्रत्यक्ष कृतीचाच एक भाग असते.

मिरकरवाड्याची भाषा याच जातीची आहे. 'हलवा जेटीवर' हे तीन-चार अक्षरांच्या दोन शब्दांचे वाक्य घ्यावे. 'हलवा' हे येथे एका माशाचे नाव आहे. तेव्हा हलवा जेटीवर उतरला आहे, असा एक अर्थ. 'हलविणे' या क्रियापदाचे ते आज्ञार्थी रूपही आहे. तेव्हा समोरची वस्तू जेटीवर न्या, असा दुसरा अर्थ. तिसरा 'हलवा' मिठाईच्या दुकानात मिळतो. बोलताना स्वर, हातवारे आणि स्थळ यांमुळे तिळमात्र संशय उरत नाही. कागदावर तेच वाक्य तीन वाटांनी फुटते. 'मोरी' म्हणजे कोकणात शार्क जातीचा मासा; देशावरील वाचकास त्या शब्दाने न्हाणीची आठवण होते. 'वाव' हे खोली मोजण्याचे माप, सुमारे सहा फुटांचे; ग्रांथिक मराठीत मात्र वाव 'मिळतो' किंवा 'दिला जातो'. 'परवा' हा शब्द तर सर्वच मराठी भाषकांस परिचित असलेला पेच होय. 'लिलाव परवा झाला' आणि 'लिलाव परवा होईल' यांत क्रियापद निर्णय देते. 'लिलाव परवा' एवढेच लिहिले तर गेलेला दिवस की येणारा दिवस, हे सांगणारे काहीच उरत नाही.

हा संक्षेप म्हणजे भाषेचा दोष नव्हे. समान प्रसंगात वावरणाऱ्या माणसांनी केलेली ती उत्तम काटकसर आहे. दोष उत्पन्न होतो तो ही काटकसर त्या प्रसंगाबाहेरील श्रोत्यापुढे तशीच मांडल्यामुळे.

४. शाब्दबोधाच्या चार अटी

वाक्यापासून अर्थबोध होण्यास कोणत्या गोष्टी आवश्यक आहेत, याचा सूक्ष्म विचार भारतीय परंपरेत झालेला आहे. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन अटी येतात. विश्वनाथाच्या 'भाषापरिच्छेदा'त तात्पर्यज्ञानाचीही गणना केलेली आहे. या अटी मानवी श्रोत्याच्या संदर्भात सांगितल्या आहेत. यंत्रास त्या अर्थाने शाब्दबोध होतो असे येथे सुचवावयाचे नाही. निदेश परिपूर्ण आहे किंवा नाही हे पारखण्याची कसोटी म्हणून त्या कितपत उपयोगी पडतात, एवढेच पाहावयाचे आहे.

आकांक्षा. एका पदास दुसऱ्या पदाची जी अपेक्षा असते ती आकांक्षा. 'आण' असे म्हटल्यावर 'काय?' ही अपेक्षा उरतेच. मराठीत कर्ता आणि कर्म गाळण्याची मोठी मुभा असल्यामुळे अशा अपेक्षा नकळत अपूर्ण राहतात. 'डिझेलचा अर्ज लिहून दे' या निदेशात अर्ज कोणाचा, कोणाकडे, कशासाठी, कोणत्या कालावधीचा आणि सोबत कोणती कागदपत्रे, या पाचही अपेक्षा रिकाम्या आहेत. सहायक त्या स्वतःच्या मताने भरील. निदेश लिहून झाल्यावर त्यातील प्रत्येक क्रियापदास 'कोण, काय, कोणास, केव्हा, किती' हे प्रश्न विचारावेत. ज्यास उत्तर मिळत नाही ती आकांक्षा एक तर पुरवावी, नाही तर ती रिकामीच ठेवावी असे स्पष्ट लिहावे.

योग्यता. पदार्थांचा परस्परसंबंध बाधित नसणे ही योग्यता. 'अग्नीने शिंपतो' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही अर्थबोध करीत नाही, हे परंपरेतील उदाहरण प्रसिद्ध आहे. निदेशाच्या बाबतीत योग्यतेचा प्रश्न असा विचारावा लागतो: जे मागितले आहे ते दिलेल्या सामग्रीतून निघू शकते काय? 'मिरकरवाड्यातील आजचा बांगड्याचा भाव सांग' हा निदेश सुबोध आहे. परंतु जेटीवर तोंडी पुकारलेला भाव कोणी लिहून ठेवलेला नसेल तर तो सहायकाच्या हाती येण्यास मार्ग नाही. आंतरजालावर शोध घेणारा सहायकही नसलेली नोंद शोधू शकत नाही. तरीही एखादा आकडा उत्तरात येण्याचा संभव असतो. याउलट, लिलावाच्या आठवड्याभराच्या नोंदी समोर ठेवून 'यांवरून प्रत्येक जातीचा किमान व कमाल भाव तक्त्यात मांड' असे सांगितले, तर मागणी आणि सामग्री यांत योग्यता असते.

संनिधी. परस्परसंबद्ध पदे एकमेकांच्या निकट असणे ही संनिधी. प्रहराप्रहराने एकेक शब्द उच्चारला तर वाक्य होत नाही, असे नैयायिक सांगतात. दीर्घ निदेशात हाच दोष निराळ्या रूपाने शिरतो. आठ पानी आदेश, त्यामध्ये कोठेतरी एक अट आणि शेवटी दुसरीच मागणी, अशी मांडणी केल्यास मधली अट निसटते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, लांब मजकुराच्या आरंभी किंवा अखेरीस असलेली माहिती त्या वेळची प्रतिमाने अधिक चांगली वापरीत. मध्यभागी असलेली माहिती वापरण्यात त्यांची कामगिरी घसरत असे. म्हणून सूचना एकत्र ठेवाव्यात, आधारभूत मजकूर त्यांपासून खुणेने वेगळा करावा आणि मजकूर लांब असल्यास मुख्य मागणी शेवटी पुन्हा एका वाक्यात सांगावी. उत्तराचा नमुना जोडावयाचा असेल तर तोही मागणीजवळच असावा. एक-दोन नमुने दाखविल्याने प्रतिमानाचे काम सुधारते हे २०२० पासून विशेष प्रसिद्ध झालेले तथ्य आहे. लांबलचक वर्णनापेक्षा मागील वर्षीची एक चांगली सूचना वानगीदाखल जोडणे पुष्कळदा अधिक सोपे पडते.

तात्पर्य. वक्त्याची विवक्षा ती तात्पर्य. 'सैंधव आण' असे भोजनाच्या वेळी म्हटले तर मीठ आणावयाचे आणि प्रवासास निघताना म्हटले तर घोडा. प्रकरण कळल्यावाचून येथे निर्णय होत नाही. निदेशात हे प्रकरण लेखकानेच शब्दांनी उभे करावे लागते. मजकूर कोण वाचणार, कोठे वाचणार आणि वाचून काय करणार, या तीन गोष्टी सांगितल्या म्हणजे तात्पर्य बव्हंशी स्पष्ट होते. मिरकरवाड्यात खलाशांमध्ये अन्य प्रांतांतील आणि नेपाळातील माणसेही असतात. फलकावरील सूचना केवळ नौकामालकासाठी आहे की खलाशांनीही ती समजून घ्यावयाची आहे, यावर भाषा, वाक्यांची लांबी आणि हिंदी किंवा नेपाळी पाठाची आवश्यकता अवलंबून राहील.

पॉल ग्राइस याने १९६७ साली व्याख्यानरूपाने मांडलेली आणि १९७५ साली प्रसिद्ध झालेली संभाषण-सहकार्याची तत्त्वे याच दिशेने जातात. तथापि त्याच्या विवेचनात श्रोता अनुक्त भाग सहकार्याच्या गृहीतावर योग्य रीतीने ताडतो. यंत्र-सहायकाच्या बाबतीत नेमके हेच गृहीत जपून वापरावे लागते. तोही अनुक्त भाग ताडतो. पण त्याचा आधार त्याने पूर्वी पाहिलेले सामान्य लेखन हा असतो, आजची जेटी नव्हे.

५. एका निदेशाचे परीक्षण

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांची पावसाळी मासेमारीबंदी प्रचलित आहे. राज्याच्या सागरी हद्दीपुरता आदेश राज्यशासन काढते. बारा सागरी मैलांपलीकडील क्षेत्राचा आदेश केंद्रशासनाचा असतो. राज्यातील नियमनाचा आधार १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम हा असून २०२१ मध्ये त्यात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. बंदीचा रोख यांत्रिक नौकांवर असतो. बिगरयांत्रिक पारंपरिक नौकांना सामान्यतः त्यातून वगळण्यात येते.

समजा, एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या चिटणीसाने सहायकास लिहिले: 'बंदीची नोटीस लिहून दे.' या निदेशातील 'बंदी' पावसाळी की पर्ससीनवरील, 'नोटीस' फलकावरची की कायदेशीर, वर्ष कोणते, आदेश कोणाचा, यांपैकी काहीही निश्चित नाही. सहायक सफाईदार सूचना देईल. तीत जुन्या वर्षाची तारीख, रद्द झालेल्या दंडाची रक्कम किंवा दुसऱ्या राज्यातील तरतूद येऊ शकते. बिगरयांत्रिक नौकांचा अपवाद गळून पडला, तर ज्याला जाण्याची मुभा आहे तो छोटा मच्छीमार दोन महिने घरी बसेल. तारीख चुकली, तर यांत्रिक नौकेचा मालक कारवाईस पात्र ठरेल. भाषेतील एका रिकाम्या जागेची किंमत येथे कोणाच्या तरी उपजीविकेतून वसूल होते.

त्याच कामाचा परिपूर्ण निदेश पुढीलप्रमाणे होईल:

'मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभासदांसाठी जेटीवरील फलकावर लावावयाची सूचना मराठीत तयार करावी. वाचणारे नौकामालक, तांडेल आणि खलाशी आहेत. ते उभ्याउभ्या वाचतील. खाली खुणेच्या आत या वर्षीचा शासकीय आदेश दिला आहे. तारखा, लागू असलेल्या नौका, अपवाद आणि दंड यांविषयी केवळ या आदेशातीलच मजकूर घ्यावा. अन्य माहिती जोडू नये. पहिल्या ओळीत बंदीचा आरंभ आणि अखेर पूर्ण दिनांकाने लिहावी. "परवा", "पुढील महिन्यात" असे शब्द वापरू नयेत. त्यानंतर ती कोणास लागू आहे व कोणास नाही, हे दोन स्वतंत्र वाक्यांत सांगावे. "तांडेल", "खलाशी", "जाळी" हे शब्द तसेच ठेवावेत. आदेशात जी बाब आढळत नाही तिच्या जागी "संस्थेने भरावे" असे लिहावे. मजकूर १२० शब्दांच्या आत असावा. सूचनेखाली, फलकावर न जाणारी अशी, एक वेगळी यादी द्यावी. प्रत्येक विधान आदेशाच्या कोणत्या परिच्छेदावरून घेतले हे तीत नमूद करावे. काम सुरू करण्यापूर्वी काही संदिग्ध वाटल्यास प्रथम प्रश्न विचारावेत.'

या निदेशात चमत्कृतीचा एकही शब्द नाही. 'तू थोर तज्ज्ञ आहेस' अशी प्रस्तावनाही नाही. वाचक आणि स्थळ सांगून तात्पर्य निश्चित केले, आदेश जोडून योग्यता साधली, तो खुणेच्या आत ठेवून संनिधी राखली आणि प्रत्येक मागणीची आकांक्षा पूर्ण केली. शेवटच्या भागातील तीन सूचना विशेष महत्त्वाच्या आहेत. 'संस्थेने भरावे' या सूचनेने सहायकास मौनाची जागा मिळते. अन्यथा रिकामी जागा ठेवणे हे त्याच्या प्रवृत्तीविरुद्ध आहे. परिच्छेदांची यादी मागितल्याने चिटणीसास पडताळा पाहणे सोपे जाते. प्रश्न विचारण्याची मुभा दिल्याने संवादातील 'काय?' पुन्हा परत येतो.

६. पडताळा आणि उत्तरदायित्व

उत्तम निदेश उत्तराची हमी देत नाही. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र संभाव्य मत्स्यक्षेत्रांविषयी सल्ला प्रसृत करते. उपग्रहाने मोजलेले समुद्रपृष्ठाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य यांवरून तो तयार होतो. किनाऱ्यावरील ठराविक स्थळापासून दिशा, अंशांतील कोन, किलोमीटरमधील अंतर, मीटरमधील खोली आणि अक्षांश-रेखांश असे त्याचे स्वरूप असते. हा तक्ता बोलीच्या जवळ जाणाऱ्या चार वाक्यांत मांडून घेणे हे सहायकाचे योग्य काम होय. परंतु ३६ मीटर खोली म्हणजे सुमारे २० वाव. रूपांतर न होता तो आकडा वावांत लिहिला गेला, तर खोली सुमारे ६६ मीटर ठरेल. म्हणून अशा निदेशात मापाचे प्रमाण स्वतः द्यावे, मूळ आकडा आणि रूपांतरित आकडा दोन्ही शेजारी शेजारी मागावेत, अक्षांश-रेखांश मूळ सल्ल्याशी अंक अंक जुळवून पाहावेत. डिझेल जाळून नौका चुकीच्या जागी पोहोचली तर त्याचा हिशेब सहायक देत नाही.

तसेच खलाशांचे आधार क्रमांक, बँकेतील खाती, दूरध्वनी क्रमांक निदेशात घालू नयेत. त्या जागी 'खलाशी क्रमांक १' अशी खूण घालून मजकूर तयार करून घ्यावा आणि खरी माहिती मागाहून हाताने भरावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचा आशय ध्यानी घेता ही दक्षता केवळ शिष्टाचाराची उरत नाही.

७. बोलीचा प्रश्न

निदेशाच्या या चर्चेतून एक व्यापक प्रश्न उभा राहतो. सहायकांवर झालेला संस्कार मुख्यतः लिखित मजकुराचा असून त्यात इंग्रजीचा वाटा फार मोठा आहे. मराठीचा थोडा, आणि मराठीतही प्रमाणभाषेचा अधिक. बंदरावरील मराठी त्यात अत्यल्प असणार हे उघड आहे. परिणामी 'तांडेल' याचा 'नौकाप्रमुख' होतो, 'मोरी'चा 'शार्क मासा' होतो, 'वाव' मीटरांत विरघळतो. प्रत्येक बदल स्वतंत्रपणे निरुपद्रवी वाटतो. तथापि बंदराचे लेखी काम वर्षानुवर्षे अशा मजकुरातूनच चालले, तर फलकावर न दिसणारा शब्द पुढील पिढीच्या लेखनातूनही जाईल. आणि ज्याच्या शब्दांत सूचना लिहिली गेली नाही, तो ती परक्याची म्हणून वाचील.

यावर एक व्यवहार्य उपाय आहे. निदेशास जोडता येईल अशी लहान शब्दसूची तयार करावी. तीत शब्द, बंदरावरील अर्थ, प्रमाणभाषेत होणारा गैरसमज आणि एक अस्सल वाक्य, अशा चार रकान्यांत प्रत्येक नोंद असावी. 'हलवा', 'मोरी', 'वाव' यांसारख्या पन्नास-साठ शब्दांची सूची सहायकाचे काम तत्काळ सुधारील. तिचा दुहेरी उपयोग आहे: संस्थेच्या चिटणीसास ती निदेशाचे साधन होईल आणि भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ती क्षेत्रीय संशोधनाची सामग्री होईल. ही सूची यंत्राकडून तयार करवून घेता येणार नाही; कारण तिच्यातील माहिती अद्याप लिहिलीच गेलेली नाही. ती जेटीवर जाऊन, तांडेलांना आणि मासळी विकणाऱ्या बायकांना विचारूनच मिळवावी लागेल. पदव्युत्तर वर्गातील दोघा-तिघांनी एका हंगामात पुरे करावे एवढेच हे काम आहे. १ जूननंतर नौका किनाऱ्याला लागतात, जाळी विणण्या-सांधण्याचे काम सुरू होते आणि बोलावयास माणसांना सवड असते. त्या दोन महिन्यांत त्याचा आरंभ करणे इष्ट होईल.